मावशीच्या पगाराचा हिशेब

गेल्या वर्षी मे महिन्याची सुट्टी संपता संपता लालबागच्या एका चाळीत आमच्या गटाला भांडण सोडवायला बोलावलं. भांडण नवरा-बायकोचं नव्हतं, सासू-सुनेचंही नव्हतं. ते आठ आया आणि एक मावशी यांच्यातलं होतं. मावशी आपल्या राहत्या खोलीत पाळणाघर चालवते. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत नऊ मुलं तिच्याकडे असतात. दर मुलामागे महिन्याला अडीच हजार रुपये. जूनपासून ते साडेतीन हजार करणार असं मावशीने सांगितलं आणि आया बिथरल्या.

मावशीने आपली वही आमच्यासमोर ठेवली. महिन्याची जमा साडेबावीस हजार. त्यातले पाच हजार हाताखालच्या मुलीला. साडेचार हजार दूध, डाळतांदूळ, केळी, बिस्किटं. दोन हजार गॅस, लाइट, फिनेल, साबण. उरले अकरा हजार. जागेचं भाडं धरलेलंच नाही, कारण खोली तिची स्वतःची. दिवसाचे बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ३१२ तास. तासाला पस्तीस रुपये. मावशी म्हणाली, "ताई, धुणीभांडी केली तर मला याहून जास्त मिळतील. आणि तिथे कुणाचं पोर पडलं, खरचटलं तर माझ्या जिवाला घोर नसेल."

मग एक आई बोलली. परळच्या एका इस्पितळात ती कंत्राटी सफाईचं काम करते. हातात तेरा हजार येतात. दोन मुलं मावशीकडे, म्हणजे पाच हजार जातात. ते सात हजार झाले तर अर्ध्याहून जास्त पगार पाळणाघरातच जाणार. ती म्हणाली, "मग मी कामाला जातेच कशाला?"

मी मधे बसले होते. माझ्या तोंडून शब्द निघेना. दोघींचंही खरं होतं. आणि आणखी एक गोष्ट मला टोचत होती. माझी मुलगी लहान असताना गिरगावात अशाच एका मावशीकडे असायची. मी फोर्टात कारकुनी करत होते, संध्याकाळी सभा, मोर्चे, पत्रकं. समान कामाला समान दाम ही घोषणा मी घसा फोडून दिली आहे. त्या मावशीला तासाला किती पडतात याचा हिशेब मी कधीच केला नाही. स्वस्त मिळाली यातच आनंद होता.

मैत्रिणींनो, हा लेख त्या न केलेल्या हिशेबाबद्दल आहे. आई देऊ शकते तो पैसा आणि सांभाळणारीला मिळायला हवा तो पैसा, यांत एक दरी आहे. ती दरी आजवर सांभाळणारी बाई आपल्या कमी मोबदल्याने भरत आली आहे. ती सरकारने भरली पाहिजे. आणि किती भरायची हे तिजोरीत उरलेल्या चिल्लरीवरून न ठरवता तिच्या कष्टाच्या खऱ्या खर्चावरून ठरवलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते नीट समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

गिरणीतला पाळणा

गिरणगावात हा प्रश्न नवा नाही. १९२०-३० च्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक जणी बाबीण आणि रिळाच्या खात्यांत. तान्हं मूल घरी ठेवून खात्यात उभं राहायचं तर ते दिवसभर झोपून राहिलं पाहिजे. म्हणून अफूची गोळी दिली जायची. 'बाळागोळी' म्हणत तिला. तेव्हाच्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे, आणि आयांना अडाणी ठरवून ती वाचली गेली. अडाणीपणाचा प्रश्न नव्हता. मूल ठेवायला जागा नव्हती आणि सांभाळायला हात नव्हता.

१९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशातला पहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येच्या वर बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. आधी ही संख्या पन्नास होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती तीस झाली. मालकांनी यातून काढलेली पळवाट आपल्याला ठाऊक आहे. बायकाच कमी ठेवायच्या. पाळणाघराचा खर्च 'बायकांचा खर्च' म्हणून मालकाच्या वहीत लिहिला गेला आणि बाई महाग ठरली. मूल जणू तिने एकटीनेच जन्माला घातलं होतं!

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्याबरोबर उरलीसुरली पाळणाघरंही गेली. आमच्या बायका खानावळी चालवू लागल्या, घरकामाला जाऊ लागल्या, पापड-फरसाणाच्या कामाला लागल्या, पुढे मॉल आणि ऑफिसांच्या सफाईला लागल्या. जिथे मालक एक नाही, जिथे पन्नास जणींची हजेरी एका रजिस्टरात नाही, तिथे पाळणाघराचा कायदा कुणावर लावणार? २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास वा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. त्यानंतर श्रमसंहिताही आल्या. पण उंबरठा पन्नासाचाच राहिला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिच्यासाठी कायदा म्हणजे टॉवरच्या लॉबीतलं झुंबर. पुसायचं तिने, उजेड दुसऱ्याला.

सरकारने केलेला हिशेब

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या. अंगणवाडी ही कल्पना तर आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केलं, मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, त्यातून ती आली. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीय मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या ताराबाई आदिवासी पाड्यावर गेल्या, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण अंगणवाडी दिवसाचे काही तास चालते आणि तिथला भर तीन वर्षांवरच्या मुलांवर असतो. सात महिन्यांचं पोर घेऊन कामाला निघालेल्या बाईला तिचा उपयोग थोडाच.

पाळणाघरांसाठी वेगळी योजना होती. १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. तिचा हिशेब मी इथे मांडते, कारण दर कसा ठरवू नये याचा तो धडा आहे. पंचवीस मुलांचं पाळणाघर, आठ तास. दोन सेविकांना मिळून महिन्याला २,००० रुपये. पूरक आहार दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे. औषधपाणी आणि किरकोळ खर्च महिन्याला ३५० रुपये. मानधन पूर्ण आणि बाकीच्या खर्चाच्या नव्वद टक्के सरकार देणार. सगळं मिळून महिन्याला ३,५३२ रुपये. जागेच्या भाड्याचा या महिन्याच्या हिशेबात पत्ताच नाही.

आता भागाकार करा. ३,५३२ भागिले पंचवीस, दर मुलामागे महिन्याला १४१ रुपये. दिवसाला साडेपाच रुपयेही नाहीत. सेविकेला महिन्याला हजार, तासाला पाच रुपयांच्या आत. आणि दोन रुपये आठ पैशांत त्या वर्षी परळच्या नाक्यावर वडापावसुद्धा मिळत नव्हता.

१ जानेवारी २०१७ पासून नवी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. केंद्राने साठ टक्के द्यायचे, राज्याने तीस, उरलेले दहा चालवणाऱ्या संस्थेने उभे करायचे. सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये. त्याच वर्षी केंद्राने देशभरासाठी किमान मजुरीचा तळ म्हणून रोज १७६ रुपये सांगितले होते. पाळणाघरातल्या मदतनिसाला सव्वीस दिवसांचे दीड हजार म्हणजे रोज ५८ रुपये. सरकारने स्वतःच आखलेल्या तळाच्या एक तृतीयांश! हे एखाद्या कारखानदाराने केलं असतं तर आपण त्याच्या दारात मोर्चा नेला असता.

परिणाम काय झाला? २०१४-१५ च्या सुमारास देशात सरकारी अनुदानावरची पाळणाघरं तेवीस हजारांच्या वर होती. २०२० च्या सुमारास ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. एवढी पाळणाघरं मुलं नाहीत म्हणून बंद पडत नाहीत. चालवणं परवडत नाही म्हणून बंद पडतात.

२०२२ मध्ये मिशन शक्तीत 'पालना' ही नवी योजना आली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशभर सतरा हजार अशी केंद्रं काढायची, असं ठरलं. कल्पना चांगली आहे. दर? पाळणाघर सेविकेला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये. मदतनिसाला रोजचे ११५ पडले. किमान मजुरीचा तळ तोवर १७८ झाला होता. म्हणजे सोळा वर्षांत योजनेचं नाव दोनदा बदललं, पण हिशेबाची रीत तीच.

रीत कुठे चुकते

पहिली चूक शब्दात आहे. 'मानधन'. मान म्हणून दिलेलं धन. जिला मानधन देतात ती कामगार नसते, ती 'सेवा' करत असते. सेवेला किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. अंगणवाडी सेविकांनी या शब्दाशी केवढी झुंज दिली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सरकारी पदावर नाहीत असं म्हटलं. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, तेही आंदोलनांनंतर. पुढे त्यात भर पडली ती डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत चाललेल्या लांबलचक संपानंतर. लाखभर बायका संघटित असूनही त्यांना प्रत्येक रुपयासाठी आझाद मैदानात बसावं लागतं. मग चाळीतल्या खोलीत एकटी बसलेली आपली मावशी कुणाशी वाटाघाट करणार?

दुसरी चूक अशी की हिशेब उलट्या टोकाने केला जातो. आधी तरतुदीचा आकडा ठरतो, मग तो पाळणाघरांच्या संख्येने भागला जातो, आणि जे येईल तो दर. पूल बांधताना असं कुणी करत नाही. तिथे सिमेंट किती, सळई किती, मजुरी किती, हे आधी मोजतात. मूल वाढवायला काय लागतं हे मात्र मोजायची गरज वाटत नाही, कारण ते बायका फुकट करत आल्या आहेत. फुकटाचा भाव कसला काढायचा?

तिसरी चूक हजेरीची. बऱ्याच ठिकाणी पैसे हजर मुलांच्या डोक्यावर मोजले जातात. आपल्या भागात मे महिन्यात अर्धी चाळ कोकणात जाते. गणपतीला पुन्हा जाते. पोरं गावाला म्हणून पाळणाघराची कमाई निम्मी. पण मदतनिसाच्या घरची चूल मे महिन्यात बंद असते का? लाइटचं बिल गणपतीला माफ होतं का?

चौथी चूक वेळेची. सरकारी पाळणाघर साडेसात-आठ तासांचं. इस्पितळातल्या आयाची पाळी सकाळी सातला लागते. दुकानात काम करणारी रात्री नऊला सुटते. दादरहून लोकल पकडून डोंबिवली-विरारला जाणारीची तर गोष्टच वेगळी. जास्तीचे तास कुणीतरी सांभाळतंच, आणि ते दरात धरलेले नसतात.

पाचवी चूक उशिराची. मंजूर झालेलं अनुदान सहा-सहा महिने येत नाही, हे अनुदानावर पाळणाघर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. उसनवारीवर मुलांना दूध पाजायचं आणि व्याज आपल्या खिशातून भरायचं. वेळेवर न येणारा दर कागदावर कितीही असो, तो तेवढा नसतो.

बाजारभाव पुरेसा नाही

काही जणी म्हणतील, सोपं आहे. आसपासची पाळणाघरं काय घेतात ते पाहा आणि तो दर द्या. अमेरिकेत बरीच राज्यं असंच करतात. बाजारातले भाव गोळा करायचे आणि शंभरातली पंचाहत्तर पाळणाघरं गरीब आईला परवडतील एवढा दर ठेवावा, अशी तिथल्या केंद्र सरकारची शिफारस राहिली आहे. पण यात एक मेख आहे. गरीब वस्तीतला बाजारभाव म्हणजे आया जेवढं देऊ शकतात तेवढा भाव. आमच्या लालबागच्या मावशीचा अडीच हजार हाच बाजारभाव. तो सरकारने मान्य केला तर तासाला पस्तीस रुपये सरकारमान्य होतील. गरिबी मोजायची आणि तिलाच दर म्हणायचं! तिथल्या कार्यकर्त्यांनीही हे ओळखलं आणि खऱ्या खर्चावर दर काढावा अशी मागणी लावून धरली. २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने हजेरीऐवजी पटावर आणि आगाऊ पैसे द्यावेत असा नियमही केला होता.

कोलंबियाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथे १९८० च्या दशकापासून वस्तीतल्या बायका आपल्या घरात बारा-पंधरा मुलं सांभाळतात. त्यांना 'समाजाच्या आया' म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांनाही मानधनच होतं. आई म्हटलं की पगार कसला? त्या लढल्या, आणि २०१४ पासून त्यांना कामाचा करार आणि किमान वेतन मिळालं. चूल तीच, खोली तीच. पण ती बाई कामगार झाली.

आणि दूर कशाला जायचं? महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी पाळणाघराची सोय करायची असं ठरलेलं होतं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं की सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यावेत. खडी फोडणारीला जे, तेच मूल सांभाळणारीला. झाडाखाली बसून मूल सांभाळणं ही मजुरी आहे, हे दुष्काळी कामावर मान्य होतं आणि परळमध्ये मान्य होत नाही.

आपला हिशेब

त्या बैठकीनंतर आम्ही चौघी-पाच जणी मावशीच्या खोलीत पुन्हा बसलो आणि पाटीवर हिशेब मांडला. तो अंतिम आहे असा माझा दावा नाही. तुमच्या वस्तीत आकडे वेगळे येतील.

पंधरा मुलं धरा, काही तान्ही, काही मोठी. बारा तास उघडं ठेवायचं तर पाळ्या लावून तीन बायका लागतील. तान्ही मुलं एका बाईला चार-पाचाहून जास्त सांभाळता येत नाहीत, हे जिने सांभाळली आहेत तिला विचारा. वेतन किती धरायचं? केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये गरजेवर आधारलेलं किमान वेतन महिन्याला ९,७५० रुपये सुचवलं होतं, तेही २०१८ च्या भावाने. सरकारने ते मानलं नाही. आपण तरी तेवढं कमीत कमी धरू. तिघींचे २९,२५०. रजा, आजारपण, भविष्यनिर्वाह निधी यासाठी ४,४००. आहार दर मुलामागे रोज तीस रुपये, म्हणजे ११,७००. जागेचं भाडं आणि लाइट १५,०००. औषधं, खेळणी, साबण २,०००. एकूण ६२,३५०. दर मुलामागे सुमारे ४,१५० रुपये.

मैत्रिणींनो, हा आकडा पाहून दचकू नका. मीही दचकले होते. तो मोठा नाही, आजवरचा आकडा खोटा होता. आईने आपल्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त देऊ नये असं धरलं, तर तेरा हजार कमावणारीने १,३०० द्यावेत. एकच मूल असेल तर उरलेले २,८५० सरकारने द्यायचे. दुसरं मूल असेल तर त्याचा सगळा भार सरकारवर.

यातले जागेचे पंधरा हजार वाचवता येतात. आपल्या भागातल्या महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग पटाअभावी रिकामे होत गेले. ते द्या. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं तेही आठवा. १९९१ च्या नियमावलीत नियम ५८ ने त्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने शहराचे आणि घरांचे वाटे आक्रसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्या जमिनीवर मॉल आले, टॉवर आले. तिथे सफाईला जाणाऱ्या बाईच्या मुलासाठी एक खोलीही राखून ठेवावी असं कुणाला सुचलं नाही. भाडं वजा केलं तर दर ३,१५० वर येतो.

आपल्यातलेच आक्षेप

चळवळीतल्या मैत्रिणींनी तीन आक्षेप घेतले. पहिला असा की घरगुती पाळणाघरांना सरकारी पैसा देणं म्हणजे सरकारने हात झटकणं. भीती खरी आहे. माझीही पहिली पसंती सार्वजनिक पाळणाघरालाच आहे. पण ते येईपर्यंत मुलं या खोल्यांमध्येच आहेत. पैशाबरोबर नोंदणी येऊ दे, तपासणी येऊ दे, मुलांच्या संख्येवर मर्यादा येऊ दे. मुलांना मारहाणीची बातमी आली की सगळे कॅमेरे लावा म्हणतात. त्या बाईकडे मुलं किती होती, ती किती तास उभी होती आणि तिला काय मिळत होतं, हे किती जण विचारतात?

दुसरा आक्षेप असा की पाळणाघराला कशाला, पैसे थेट आईच्याच हातात द्या. राज्यात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार सुरू झाले. बाईच्या हातात पैसे आले याला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण दीड हजारात मुलाला बारा तास सांभाळणारी बाई मिळत नाही. मिळाली तर ती उपाशी असेल.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पाळणाघर, पाळणाघर करताना मूल पुन्हा बायकांच्याच गळ्यात पडतं, बाप कुठे आहे? हा प्रश्न मला मान्य आहे. म्हणूनच मी म्हणते की या कामाला बरा पगार द्या. फुकट आणि स्वस्त आहे तोवर पुरुष त्याच्या जवळ फिरकणार नाही, आणि बापाच्या मालकालाही त्याची झळ लागणार नाही.

तेव्हा आपली मागणी अशी असावी. मानधन हा शब्द काढा, वेतन म्हणा, आणि ते राज्याच्या किमान वेतनाच्या खाली नसावं. दर दोन वर्षांनी खऱ्या खर्चाची पाहणी करा, आणि ती करणाऱ्या समितीत पाळणाघर चालवणाऱ्या आणि मूल ठेवणाऱ्या, दोन्ही बायका असू द्या. मुंबईचा दर आणि गडचिरोलीचा दर एक असू शकत नाही, पण वेतनाचा तळ एक असला पाहिजे. तान्ह्या मुलाचा दर वेगळा आणि जास्त. सकाळ-रात्रीच्या तासांचा वेगळा. पैसे हजेरीवर नको, पटावर द्या, आणि महिन्याच्या सुरुवातीला द्या. संस्थेने दहा टक्के आणावेत ही अट कधीच परत येऊ नये.

त्या बैठकीत शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. मावशी २,८०० वर आली, आयांनीही मान डोलावली. आम्हाला वाटलं, भांडण मिटलं. पण पुढच्याच महिन्यात सफाईचं काम करणाऱ्या आईने आपली दोन्ही मुलं काढून घेतली. मावशीकडे सात मुलं राहिली. तिची जमा साडेबावीस हजारांवरून १९,६०० झाली. दर वाढला आणि कमाई घटली. त्या दोन मुलांना आता त्यांची दहा वर्षांची मावसबहीण सांभाळते. तिची शाळा जूनपासून सुटली आहे.

तिला परत शाळेत घालायची खटपट आम्ही करतो आहोत. अजून जमलेलं नाही, कारण तिच्या जागी कोण, याचं उत्तर आमच्याकडे नाही. तुमच्या वस्तीतल्या पाळणाघराची वही मागा. मावशीला तासाला किती पडतात आणि आईच्या पगारातले किती जातात, हे दोन आकडे काढा आणि पुढच्या अंकापर्यंत आमच्याकडे पाठवा. सरकारकडे दर मागायला जाताना आपल्या हातात आपला हिशेब हवा. आजवर तो आपणही केलेला नाही.